खारूच्या पोटातलं लोणी

सकाळी साडेदहाला वरच्या मजल्यावरून नमुन्यांचा ट्रे खाली आला आणि त्यातली तिसरी बाटली आत्याने हातात घेतली. अंगठ्याएवढी बाटली, आत नमुना टिकवणारं फॉर्मॅलिन, आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढे सहा पांढुरके तुकडे. चिठ्ठीवर वय होतं साडेपाच वर्षं. नाव वाचायची तिला गरजच नव्हती, ते तिनेच सुचवलेलं होतं. घरात मात्र त्या नावाने पोरीला कोणी हाक मारत नसे. सगळे तिला खारू म्हणत, कारण घास गालात दाबून ती खारीसारखी तास तास बसून राहायची. गिळायची म्हणून नाही.

आत्या त्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर अठरा वर्षं काम करत होती. माणसांच्या शरीरातून काढलेले छोटे छोटे तुकडे तिच्याकडे यायचे. ती ते डबीत घालून रात्रभराच्या मशीनमध्ये ठेवायची, सकाळी मेणात बसवायची, पापुद्र्याहून पातळ कापायची, काचेवर चढवून रंगवायची आणि ती काच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायची. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर. काचेतलं वाचायचं काम त्यांचं. अठरा वर्षांत आत्याने कोणाचं नाव वाचून काम थांबवलं नव्हतं. नावं वाचायचीच नाहीत, नंबर वाचायचा, हा तिचा साधा नियम होता.

आज ती बाटली हातात धरून ती दोन मिनिटं नुसती उभी राहिली.

खारू तिच्या मोठ्या भावाची एकुलती एक मुलगी. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या माथ्यावर ग्रीसमध्ये हात बुडवून असायचा. वहिनी घरीच शिवणकाम करायची, पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. इतर आया मुलींच्या फ्रॉकची शिवण उसवून मोठी करतात. वहिनी दर दोन महिन्यांनी खारूचे फ्रॉक बाजूने आत घ्यायची. साडेपाच वर्षांची मुलगी, वजन तीन वर्षांच्या पोरीएवढं. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काडीसारखे. दिवसातून चार चार वेळा पातळ, तेलकट शौच. गेल्या सहा महिन्यांत आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, उजेड कमी झाला की खारू धडपडायची. दिवे लागायच्या वेळेला ती भिंतीला हात लावून चालायची आणि समोरचं स्टूल तिला दिसायचं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्व कमी पडतंय म्हणून तेलातलं औषध दिलं. दोन महिने झाले तरी फरक पडेना, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून वहिनीकडे बघत विचारलं, "नक्की देता ना?"

हाच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी वहिनीला सगळेच विचारत होते. शेजारीण विचारायची, शाळेतल्या बाई विचारायच्या. आणि खरं सांगायचं तर आत्यानेही विचारला होता. चार महिन्यांपूर्वी दादाच्या वाढदिवसाला सगळे जेवायला बसले होते. खारूने लोणी लावलेल्या पावाचा तुकडा तोंडातून काढून ताटाखाली दडवला. वहिनीने नुसता कोरडा पाव तिच्यापुढे सरकवला. आत्याच्या तोंडून निघून गेलं, "मूल आपोआप वाळत नाही, वहिनी. जरा मशीनवरून उठून तिच्याकडे बघावं लागतं."

वहिनीने मान वर केली नाही. दादा खाली बघून जेवत राहिला. त्या दिवसापासून वहिनीने खारूच्या प्रत्येक घासात लोणी घालायला सुरुवात केली. बटाट्यात लोणी, भातात लोणी, दुधावर साय. पोरीचं नाक दाबून, गोष्टी सांगून, कधी रडवून ती ते तिच्या गळ्याखाली उतरवायची. आणि पोर आणखी वाळली.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी आतड्याची दुर्बीण करून आतले छोटे तुकडे तपासायचं ठरवलं. त्यांना संशय एका ठरावीक आजाराचा होता. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी दाट लव असते. त्या आजारात ती झिजून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तसं निघालं तर निदान कारण तरी सापडेल. पण त्याच डॉक्टरांनी फाइलमध्ये आणखी एक ओळ लिहिली होती, आणि ती आत्याने वाचली होती. "तपासणीत काही न आढळल्यास घरातील आहार व संगोपनाची चौकशी करावी."

चौकशी म्हणजे काय ते आत्याला माहीत होतं. रुग्णालयातर्फे दोन माणसं घरी जातात. स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतात, शेजाऱ्यांना विचारतात. क्वचित मुलाला काही दिवस दुसरीकडे ठेवतात.

तिने बाटलीचं झाकण उघडलं. सहापैकी चार तुकडे चिमट्याने उचलून डबीत ठेवले आणि दोन नेहमीप्रमाणे बाटलीतच राखून ठेवले. मॅडमना सांगायला हवं होतं की ही माझी भाची आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. तिने सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाच्या हातून एखादा तुकडा वाकडा कापला गेला तर, या भीतीने तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच तयार झाली. आत्याने ती मॅडमच्या टेबलावर इतर अकरा काचांबरोबर ठेवली आणि उगाचच कपाटातल्या बाटल्या पुसत तिथेच घोटाळत राहिली. मॅडम एकेक काच लावत होत्या, तोंडाने हळूच बोलून टिपणं करत होत्या. सातवी काच आली.

"लव चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "उंच, दाट. झिजलेली नाही."

आत्याला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच फाइलमधली ती ओळ आठवली. लव चांगली, म्हणजे तो आजार नाही. म्हणजे काही आढळलं नाही.

"हे काय आहे?" मॅडमनी भिंग बदललं. "लवेच्या टोकाकडच्या पेशी सगळ्या फेसाळ दिसताहेत. नुसती भोकंच भोकं." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मूल खाऊन आलेलं दिसतंय. तपासणीआधी काही तास जेवण झालं असेल तर असं दिसतं. चरबी आत घेतलेली असते ना. आपल्या मशीनमधल्या अल्कोहोलात ती धुऊन जाते आणि जागा रिकामी राहते."

"पण उपाशीपोटीच आणायला सांगतात, मॅडम."

"सांगतात. आया ऐकतात का? पोर रडलं की देतात दुधाचा पेला, आणि विचारलं की म्हणतात, नाही हो, काही नाही दिलं." मॅडमनी टिपणवही ओढली. "लव सर्वसाधारण. पेशींतील पोकळ्या बहुधा अलीकडच्या आहारामुळे. तपासणीपूर्वी उपाशी असल्याची खात्री करावी. घाई नाही, परवा सहीला ठेव."

आत्याने हो म्हटलं. ते वाक्य मुलांच्या डॉक्टरांच्या हाती पडल्यावर काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. आई खोटं बोलते, असाच त्याचा अर्थ होता.

आणि बोललीच असेल तर?

संध्याकाळी ती घरी न जाता थेट दादाकडे गेली. वीस मिनिटांची वाट. तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात वहिनीशी तीनदा भांडून घेतलं. एकदा ती वहिनीवर ओरडली, एकदा तिने वहिनीला समजून घेतलं, एकदा तिने दादालाच धारेवर धरलं. जिन्यात पहिल्या वळणावर खारू उभी होती. जिन्यातला दिवा गेला होता. पोर दोन्ही हात कठड्यावर ठेवून एक पाय खाली सोडून पायरी शोधत होती.

"कोण आहे?" तिने आवाजाच्या दिशेने तोंड वर करून विचारलं. आत्या तिच्यापासून चार पायऱ्यांवर होती.

"मी आहे, आत्या."

"मग बोल ना आधी. मला वाटलं, पिशवी ठेवलीय कोणीतरी."

आत्याने तिला उचललं. वजन असं की उचलताना हात उगाचच जास्त वर गेले. घरात वहिनी मशीनवर बसली होती, पायाशी निळ्या पडद्यांचा ढीग. दादा नुकताच आला होता, नखांतलं ग्रीस काढत मोरीपाशी उभा होता. आत्याने खारूला आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"काय निघालं?" दादाने विचारलं. त्याच्या हातातला साबण खाली पडला, तो त्याने उचललाच नाही.

"अजून पक्कं नाही. वहिनी, एक विचारते. रागावू नकोस. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी खारूने शेवटचं कधी खाल्लं?"

"संध्याकाळी सहाला. भात."

"त्यानंतर?"

"काही नाही."

"सकाळी निघताना? वाटेत? एखादं बिस्कीट, दुधाचा घोट? रडली असेल, तू आई आहेस, दिलंस तर कोणी तुला फाशी देणार नाही. पण खरं सांग. त्यावर सगळं अडलंय."

मशीनचं चाक थांबलं. वहिनीने सुई वर घेतली, कापड सोडवलं, दोरा दातांनी तोडला. मग उठून ती आत्याच्या समोर येऊन उभी राहिली. ती चिडली की आवाज चढवायची नाही, उलट खाली आणायची.

"छोटे, त्या रात्री या घरात चूल पेटली नाही. वास आला तर ती मागेल म्हणून. ती तशी लोणी मागत नाही, पण कोरडा भात मागते. तुझा दादा उपाशी झोपला, मी उपाशी झोपले. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून मी निजले, ती पाण्याला उठली तर कळावं म्हणून. पहाटे उठली. पाणी मागितलं. मी तेही नाही दिलं. चूळ भरायला दिली आणि थुंकते की नाही ते बघत बसले. ऐकलंस? आता तुला आणखी काय खरं सांगू?"

दादा म्हणाला, "छोटे, खरं आहे ते. मी होतो."

आत्याने खाली पडलेला साबण उचलला. वहिनीच बोलत होती. "सगळे म्हणतात, खायला घाल. मी घालते. ती म्हणते, आई, ते चिकट नको, पोटात दुखतं. आधी मी तिचं ऐकत होते. मग तू म्हणालीस, मूल आपोआप वाळत नाही. तेव्हापासून मी तिचं ऐकणं सोडलं." तिने पडद्याची घडी घातली, परत उलगडली. "तू आता जा. मला हे पडदे उद्या द्यायचेत."

रस्त्यावर आल्यावर आत्याच्या लक्षात आलं की आपण चपलेऐवजी दादाची सँडल घालून आलो आहोत. ती परत वर गेली नाही. घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गणित फिरत होतं. संध्याकाळी सहाला भात, सकाळी साडेआठला दुर्बीण. साडेचौदा तास. साडेचौदा तासांनी कोणाच्याही आतड्यातल्या पेशी धुतल्यासारख्या स्वच्छ असायला हव्यात. पेशी काही एवढा वेळ चरबी धरून ठेवत नाहीत. मग खारूच्या का भरलेल्या होत्या?

सकाळी मॅडम यायच्या आधीच ती त्यांच्या दाराशी उभी होती.

"सातव्या काचेबद्दल बोलायचंय, मॅडम. ती मुलगी माझी भाची आहे."

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवता ठेवता तिच्याकडे पाहिलं. "आणि हे तू मला आज सांगतेस?"

"चुकलं माझं."

"चुकलंच. अठरा वर्षं झाली तुला. नवीन माणसाने केलं असतं तर मी त्याची वर तक्रार केली असती." त्या बसल्या. "बोल."

"ती खाऊन आलेली नव्हती. साडेचौदा तास उपाशी होती. पाणीसुद्धा नाही."

"आई म्हणाली?"

"आई म्हणाली आणि मी विश्वास ठेवला." मग तिने स्वतःलाच ऐकू जावं असं म्हटलं, "उशिरा ठेवला."

मॅडमनी टिपणवही उघडली. त्यांनी काल लिहिलेलं टिपण पुन्हा वाचलं. मग विचारलं, "राखीव तुकडे आहेत?"

"दोन आहेत. फॉर्मॅलिनमध्येच. अल्कोहोल लागलेलं नाही."

"मग चरबी अजून जागेवर असेल, असलीच तर. गोठवून काप. लाल रंग लाव. आणि तू कापू नकोस. म्हणजे…" त्यांनी आत्याच्या हातांकडे पाहिलं. "काप तूच. तुझ्याइतकं पातळ इथे कोणालाच जमत नाही. पण मी शेजारी उभी राहणार."

गोठवून कापायचं मशीन म्हणजे आत पातं बसवलेलं एक छोटं शीतकपाटच. आत्याने तुकडा थेंबभर लेपात बसवला, तो पांढरा कडक होईपर्यंत थांबली आणि चाक फिरवायला लागली. पहिला काप चुरगळला. दुसरा पात्याला चिकटून फाटला. तिच्या कपाळावर घाम आला होता, थंड वाफ तोंडावर येत असूनही. "श्वास घे," मॅडम म्हणाल्या. तिसरा काप सरळ आला. तिने काच टेकवली, काप अलगद काचेवर उतरला. मग लाल रंग. हा रंग पाण्याला शिवत नाही, फक्त चरबीत शिरतो. दहा मिनिटं. धुतली काच. पुसली.

मॅडमनी डोळा लावला. काही न बोलता भिंग बदललं, काच सरकवली, आणखी सरकवली. आत्याने रंगाच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"ये, बघ," मॅडम उठल्या.

आत्याने पाहिलं. लवेच्या टोकाकडची प्रत्येक पेशी लाल थेंबांनी ठासून भरली होती. काही थेंब टाचणीच्या टोकाएवढे, काही एकमेकांत मिसळून मोठे झालेले. जागा नव्हती म्हणून पेशीतलं केंद्रकसुद्धा एका बाजूला दाबलं गेलं होतं. आणि पेशींच्या खाली, जिथून रक्तात जायची वाट असते, तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं. अगदी रिकामं.

"साडेचौदा तासांनी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "हे आजचं-कालचं जेवण नाही. हे आत गेलं आणि बाहेर पडलंच नाही."

"म्हणजे?"

"आपण खातो ती चरबी आतड्यातली पेशी आत घेते. सुटी चरबी पेशीला सोसत नाही, म्हणून ती तिचे थेंब करते, वरून पातळ आवरण घालते. अ, ई असली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळत नाहीत, तीही त्याच थेंबांबरोबर असतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. पण नंतर ती चरबी पुढे धाडायला तिची गाठोडी बांधावी लागतात, आणि त्याला एक खास प्रथिन लागतं. या मुलीला ते गाठोडं बांधताच येत नसावं. थेंब होतात, साठतात. चार-पाच दिवसांनी ती पेशीच झडून जाते आणि तिच्याबरोबर सगळा साठा वाया. जन्मापासून असतं हे. फार थोड्या मुलांत दिसतं. मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, तेही शिकत असताना."

"म्हणजे वहिनी घालत होती ते लोणी…"

"इथे आहे. सगळं." मॅडमनी काचेवर बोट ठेवलं. "आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेलातून दिलेलं औषधही इथेच अडकलं असणार."

त्यांनी फोन उचलला. मुलांचे डॉक्टर आधी ऐकून घेईनात, मग एकदम ऐकायला लागले. खारूचं रक्त पुन्हा काढायचं ठरलं. तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. तीन आठवड्यांपूर्वीही तिच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासलं होतं. आकडा इतका खाली आला होता की नमुना खराब झाला असेल म्हणून कोणीतरी तो टाकून दिला आणि रकान्यात रेघ मारली. त्या रेघेकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं.

दुपारी रक्त आलं. आकडा पुन्हा तेवढाच खाली. मॅडमनी स्वतः रक्ताचा थेंब काचेवर पसरला. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल गुळगुळीत असतात. खारूच्या अर्ध्याअधिक पेशींना काटे फुटले होते. पेशीच्या आवरणालाही योग्य चरबी लागते, ती न मिळाल्याची ही खूण.

"कारण सापडलं," मॅडम म्हणाल्या. "पण आताच पेढे वाटल्यासारखं तोंड करू नकोस. 'ई' जीवनसत्त्व इतकी वर्षं मिळालं नाही तर नसांचं नुकसान होतं. पाय, तोल, डोळे. किती झालंय आणि किती भरून येईल ते कोणी सांगू शकत नाही."

आत्याला तोंड कसं करावं तेच कळत नव्हतं.

वहिनी आणि दादा खारूला घेऊन वरच्या मजल्यावर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं होतं. लोणी, साय एकदम बंद, तेल अगदी मोजून चमचाभर. जीवनसत्त्वं पाण्यात मिसळणारी, फार मोठ्या मात्रेत, रोज, जन्मभर. दादा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता, म्हणजे त्याला काहीही कळलेलं नव्हतं. वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. आत्या समोर गेली तरी तिने पाहिलं नाही.

"वहिनी."

"काय?"

"तिने सांगितलं होतं, चिकट नको. तू ऐकत होतीस. मी मध्ये बोलले नसते तर…" आत्याला पुढचं वाक्य सापडेना. "मी चुकीचं बोलले. त्या दिवशीही आणि काल संध्याकाळीही."

"हो," वहिनी म्हणाली.

बस, एवढंच. माफ केलं वगैरे काही नाही. मग तिने विचारलं, "ते तुमच्या काचेत दिसतं म्हणे. मला दाखवशील?"

बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत आणायची परवानगी नव्हती. मॅडमनी मात्र दोघींना येताना पाहिलं आणि आपण फायली आणायला गेल्याचं दाखवत बाहेर निघून गेल्या. आत्याने काच लावून दिली, वहिनीला खुर्ची उंच करून दिली. वहिनीला आधी नुसत्या स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसायला लागलं.

"हे लाल लाल?"

"हो."

"हे मी घातलेलं?"

"तू घातलेलं."

वहिनी बघत राहिली. दहा मिनिटं तरी असेल. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. वहिनीने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"म्हणजे मी उपाशी नव्हतं ठेवलं," ती भिंगातच डोळा ठेवून म्हणाली. "ज्याने तिचं पोट दुखत होतं तेच मी भरत होते. पण उपाशी नव्हतं ठेवलं."

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. चौकशीची ओळ फाइलमधून खोडली गेली, पण औषधं लागू पडताहेत की नाही हे कळायला वेळ लागत होता, आणि तो वेळ जीव खायचा. जुलाब दोन आठवड्यांत थांबले. वजन वाढायला मात्र तीन महिने लागले. पहिल्यांदा काट्यावर दोनशे ग्रॅम जास्त दिसले तेव्हा दादाने खारूला उतरवून पुन्हा चढवलं, आणि मग आपला एखादा पाना तर तिच्या खिशात राहिला नाही ना ते तपासलं. सगळे हसले. वहिनीसुद्धा. डोळे सुधारले, पण पुरते नाहीत. मावळतीनंतर तिला अजून विजेरी लागत होती, आणि डोळे मिटून उभं राहायला सांगितलं की ती डावीकडे कलायची. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, बघू या. आत्या ते 'बघू या' घरी नेऊन रात्रभर उलटसुलट करायची. काल डावीकडे जरा कमी कलली का? की आपल्यालाच तसं वाटलं?

वहिनी तिच्याशी बोलायची, पण कामापुरतं. खारूच्या वाढदिवसाला बोलावलं नाही. आत्यानेही विचारलं नाही.

मग एका शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात वहिनी, खारू आणि एक पिशवी. वहिनीच्या आईला बरं नव्हतं. दादा दुसऱ्या गावी कामावर होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत," वहिनी म्हणाली. "दुसरीकडे कुठे ठेवायची नाही मला." तिने पिशवीतून एक कागद काढला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेला. सकाळचं औषध, दुपारचं औषध, तेलाचा चमचा कोणता आणि तो कुठपर्यंत भरायचा, अंड्यातलं पिवळं नको, शेंगदाणे नकोत, शेजारच्यांनी दिलेलं काही नको. "वाचून दाखव."

आत्याने उंबऱ्यातच उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वहिनीने दोन ठिकाणी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग खारूच्या डोक्यावर हात ठेवून ती जिना उतरली.

दुपारी आत्याने बटाटे उकडले आणि तेलाचा चमचा उजेडात धरून डोळ्यांच्या उंचीवर आणला. थोडं जास्त वाटलं, तिने दोन थेंब बाटलीत परत सोडले. आता कमी वाटलं. अठरा वर्षं ती केसाहून बारीक काप मोजत आली होती आणि इथे एक चमचा तिला भरता येत नव्हता.

"आत्या, भूक लागलीय," खारू टेबलावर हात आपटत म्हणाली. "तू किती वेळ लावतेस! आई पटकन घालते."

"झालं, झालं."

पोरीने ताट पुसून खाल्लं. गालात काही ठेवलं नाही. आत्या समोर बसून तिचं गिळणं मोजत होती, आणि आता पोट दुखेल, मग दुखेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होती. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. खारू जमिनीवर पालथी पडून घोडा काढत होती, त्याला सहा पाय झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला.

"जेवली?" वहिनीने विचारलं.

"जेवली."

"तेल?"

"चमचा. तू खूण केलीस तिथपर्यंत. दोनदा मोजलं."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आणि तू जेवलीस का?" वहिनी म्हणाली.

आत्याने ओट्याकडे पाहिलं. ती सकाळपासून जेवली नव्हती, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बसतेच आता," ती म्हणाली.

"बस मग. आणि स्वतःच्या ताटात घाल नीट तेल. तुला कोणी नाही म्हटलेलं नाही."